माझ्या उजव्या पायाचा सत्कार

दवाखाना, वसई (पश्चिम),
दुसरा मजला, खिडकीकडची खाट,
सोमवार

अकरा वर्षं मैदानात माझ्या पाठीशी उभा राहिलेल्या आणि गेली चौदा वर्षं माझ्याशी एक अक्षर न बोललेल्या सॅन्टन यास, देवेंद्रचा पडल्या पडल्या नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. सालोमीवहिनींच्या कंबरेला आराम पडला असं ऐकलं, तुझा क्लेटन जहाजावर लागला असंही ऐकलं. (ऐकलं म्हणजे विनिताने बाजारात वहिनींकडून ऐकलं. बायका सगळं बोलतात, तोंड शिवून बसलेले शहाणे आपण दोघेच.) तू अजून सातिवलीच्या त्या गाळ्यात स्टोअर सांभाळतोस आणि एक नट इकडचा तिकडे होऊ देत नाहीस, हे मला कोणी सांगायची गरज नाही, तुझ्या गोलच्या अलीकडून तू कोणाला काही नेऊ दिल्याचं मला आठवत नाही. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं पत्रात लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. विनिता खुशाल आहे, वाडीतल्या केळी खुशाल आहेत, माझा डावा पाय खुशाल आहे. उजव्याचं जरा सविस्तर लिहावं लागेल.

फोनच केला असता, पण तुझ्या फोनवर मी ब्लॉक आहे. तीन वेगवेगळ्या नंबरांवरून खात्री करून घेतली. (चौथा नंबर आमच्या फुलवाल्याचा होता. त्यालाही तू ब्लॉक केलंस. त्या बिचाऱ्याला तुझ्याकडून काही नको होतं, त्याने फक्त फोन उसना दिला होता.) म्हणून शेवटी नर्सबाईंकडून कागद मागून घेतले. त्यांनी ज्या कागदांच्या मागच्या बाजू दिल्या आहेत त्यांच्या पुढच्या बाजूला दुसऱ्यांच्या लघवीचे रिपोर्ट आहेत, तेवढे वाचू नकोस.

तुला माझी कारकीर्द सांगणं म्हणजे आचाऱ्याला त्याच्याच पंगतीचं वर्णन ऐकवणं आहे. तरी सांगतो, कारण गेली अठरा वर्षं मी ती इतक्या माईकांवरून इतकी खोटी सांगितली आहे की, एकदा तरी ती खरी सांगावी असं वाटतं, आणि खरी कळणारा माणूस तुझ्याशिवाय उरलेला नाही. आपल्याकडे लोकांना फुटबॉलमधले दोनच जण समजतात, गोल मारणारा आणि गोल खाणारा. मधे जे सात-आठ जण धावत असतात ते बंदोबस्ताला आहेत अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझी आई पहिल्यांदा मॅच बघायला आली होती तेव्हा घरी येऊन तिने मला जवळ बसवलं आणि विचारलं की, तू सगळ्यांना त्यांचा त्यांचा बॉल नेऊन देत होतास, मग तुला कोणी खेळायला का घेत नव्हतं? मधल्या फळीतल्या खेळाडूची याहून चांगली व्याख्या मी पुढे गोव्याच्या कोचकडूनही ऐकली नाही. तू मागून बचावातून द्यायचास, मी पुढे द्यायचो, केविन डोकं लावायचा आणि पेपरात केविनचा फोटो यायचा. नऊ हंगाम मी गोव्यात पगार घेऊन हेच केलं. राष्ट्रीय शिबिराला एकदा बोलावणं आलं, ढाक्याला जाऊन बाकावर बसून परत आलो. (सत्काराच्या फ्लेक्सवर मला 'माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू' म्हणतात. बाक आंतरराष्ट्रीय होता, एवढं खरं.)

राहता राहिला तो पास. कोलकात्याच्या संघाशी उपांत्य सामना, दोन मिनिटं उरलेली, आणि देवेंद्रने वळूनसुद्धा न बघता पन्नास यार्डांवरच्या केविनच्या कपाळावर बॉल ठेवला. ही गोष्ट वसई-विरारच्या पोराटोरांना पाठ आहे. आता खरी ऐक, म्हणजे तुला माहीत आहेच, पण मला ती लिहून बघायची आहे. माझे पाय भरून आले होते, समोरून दोघे अंगावर येत होते, आणि तू मागून जीव तोडून ओरडलास, "देवा, बाहेर मार! बाहेर!" मी डोळे मिटले आणि बाहेर मारला. बॉल बाहेर जायचं सोडून वाऱ्याने आत वळला. केविन तिथे का उभा होता हे केविनलाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. त्या एका चुकलेल्या लाथेवर मी अठरा वर्षं शाली गोळा केल्या, आणि एकाही भाषणात मागून कोण ओरडलं होतं ते सांगितलं नाही. एकदा तू समोरच्या रांगेत कुबडी मांडीला टेकवून बसला होतास. तेव्हाही नाही सांगितलं. तू भाषण संपायच्या आत उठून गेलास, आणि मी मनात म्हटलं, ह्याला गर्दीचा त्रास होत असेल.

खेळत होतो तोवर गावात मला केळीवाल्यांचा देवा म्हणायचे. निवृत्त झालो आणि लोकप्रिय झालो. पावसाळी स्पर्धांची पहिली लाथ मी मारायची, शाळांच्या क्रीडादिनाला ज्योत मी पेटवायची, जिमचं उद्घाटन मी, रक्तदान शिबिर मी, एकदा तर दातांच्या दवाखान्याची फीत मी कापली आणि डॉक्टरने भाषणात माझ्या पासचा आणि दाढांचा काहीतरी संबंध जोडून दाखवला. शाली एकशे बारा झाल्या. विनिता त्या चिकूवर टाकते, वटवाघळांपासून फळं वाचतात. नारळांचं तर विचारूच नकोस. आमची नारळाची वाडी, तरी प्रत्येक सत्कारात हातात नारळ. एकदा बाजारात विकलेला आमचाच नारळ व्यासपीठावरून मला परत मिळाला, बुडाला विनिताची निळी खूण होती. तुला हे हास्यास्पद वाटेल. मला मात्र आवडायचं रे, खोटं कशाला बोलू? खेळताना कोणी माझं नाव घेऊन ओरडलं नाही. चाळिशीला आल्यावर लोक नावाने ओळखायला लागले तर नाही म्हणायला फार मोठा माणूस लागतो.

सहा वर्षांपूर्वी शुगर निघाली. (पेढ्यांवर आळ घेता येईल, पण वडिलांनाही होती.) हळूहळू पाय बधिर झाले. एकदा बाजारातून घरी आलो तर एकाच पायात चप्पल, दुसरी कुठे सुटली ते पायाने मला सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्या पायाला काही लागलं तरी तुम्हाला कळणार नाही, रोज आरसा धरून तळवा बघत जा. मी आरसा घेतला. त्यात फेटा नीट बसलाय का ते बघत राहिलो.

आता मुख्य हकिगत. आपल्या मैदानाला कमान झाली, ती तू पाहिली नसशील. दर्यासारंग क्रीडा मंडळाचा हल्लीचा अध्यक्ष जितेश, रेती-सिमेंट पुरवणारा. त्याने परदेशातला कुठला तरी व्हिडिओ पाहिला, त्यात नटनट्यांच्या हातांचे ठसे सिमेंटमध्ये घेतात. त्याच्या मनात आलं की कमानीच्या पायथ्याशी देवेंद्रच्या पावलाचा ठसा घ्यायचा, म्हणजे मैदानात शिरणारा प्रत्येक खेळाडू त्याच्या पाया पडून आत जाईल. मी जरा आढेवेढे घेतले. (दोन मिनिटं.) पाय कुठला, यावर बैठक झाली. जन्मभर मी डाव्या पायाने खेळलो, तो पासही डाव्याचा. पण गुरुजी म्हणाले शुभकार्यात डावा पाय पुढे करतात का कधी? घरात नवी सून येते ती उजवं पाऊल टाकून. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. कमानीवर माझ्या नावाखाली 'जादुई डावा पाय' असं कोरलेलं होतं, त्याच्या बरोबर खाली उजव्याची सोय झाली.

जुलैमधला रविवार. माल कालवून तयार होता, वर ताडपत्री, बाजूला फुलांचं तबक, फोटोवाला, बँड. ठरलं असं होतं की प्रमुख पाहुणे साहेब येतील, माझ्या खांद्यावर हात ठेवतील, त्या क्षणी मी पाय दाबायचा, फोटो काढायचा, पाय काढायचा. पाच मिनिटांचं काम. पण रविवारी चिंचोटीच्या धबधब्याला गर्दी असते हे साहेबांना कोणी सांगितलं नव्हतं. सव्वादहाला निरोप आला, साहेब चिंचोटीला पोहोचले. गवंडी अल्पेश म्हणाला माल सुकतोय, त्यात जितेशने लवकर धरायचं औषध घातलंय, आत्ता पाय दाबला नाही तर ठसा उठणार नाही. आणि साहेबांशिवाय पाय दाबला तर फोटोत साहेब नाहीत. दोन्ही बाजू सांभाळायचा मार्ग जितेशने काढला. पाय आत्ता दाबायचा आणि साहेब येईपर्यंत तिथेच ठेवायचा. इतक्या वर्षांत मला कोणी मैदानात एवढा वेळ एका जागी उभं राहू दिलं नव्हतं.

मी उभा राहिलो. साडेदहाला साहेब चिंचोटीला होते, पावणेअकराला चिंचोटीलाच होते, अकराला त्यांची गाडी हलली असं कळलं आणि पाच मिनिटांनी ती पुन्हा थांबली असं कळलं. निवेदकाला वेळ काढायचा होता, त्याने माझा पास तीनदा सांगितला. पहिल्यांदा पन्नास यार्ड, दुसऱ्यांदा साठ, तिसऱ्या खेपेला बॉल जवळजवळ अर्नाळ्याहून आला. अल्पेश मधेच वाकून माझ्याकडे बघायचा आणि हळूच विचारायचा, "दादा, आग होत नाय ना?" मला काहीच होत नव्हतं. मला वाटलं, काय आपला हा स्टॅमिना! लोकही तेच म्हणत होते. सव्वाअकराला साहेब आले, खांद्यावर हात ठेवला, फोटो झाला, आणि मग पाय निघेना. मंडळाचे चार कार्यकर्ते माझी कंबर धरून मुळा उपटतात तसे मागे ओढत होते, बँडवाल्यांना वाटलं हाच कार्यक्रम आहे, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. पाय निघाला तेव्हा टाळ्या झाल्या. थोडं कातडं आत राहिलं. मी बाटलीच्या पाण्याने पाय धुतला, मोजा चढवला, बूट घातला, आणि कोंबडीचं भुजिंग खाऊन घरी आलो.

पुढच्या चार दिवसांत माझे तीन सत्कार होते. तिन्ही केले. गुरुवारी घरात वास सुटला. विनिताला वाटलं पलंगाखाली घूस मेली. तिने पलंग सरकवला, कपाट सरकवलं, दोन्ही खोल्यांची लादी फिनेलने पुसली, आणि मी खुर्चीत बसून तिला इकडे बघ, तिकडे बघ असं सांगत होतो. शेवटी ती माझ्यासमोर खाली बसली आणि तिने माझा मोजा काढला. रिक्षा तिने अशी थांबवली की रिक्षावाला बिचारा मीटर टाकायला विसरला.

इथल्या डॉक्टर अश्लेषा आमच्या पुतणीच्या वयाच्या आहेत. त्यांनी सांगितलं की ओलं सिमेंट चुन्यासारखं असतं, कातडी जाळत आत जातं, गवंड्यांना हे माहीत असतं म्हणून ते हात लगेच धुतात. दुखलं असतं तर तुम्ही दोन मिनिटांत पाय काढला असता, म्हणाल्या. मी म्हटलं, साहेब चिंचोटीला होते. आधी दोन बोटं काढली. मग तिसरं. आता घोट्यापर्यंत काळं आलंय, आणि गुडघ्याखालून पाय काढायचा म्हणतात, नाहीतर विष वर चढेल. त्यांनी एक फॉर्म दिलाय, तो उशीखाली आहे. बुधवारपर्यंत सही पाहिजे.

इथेही माझी लोकप्रियता काही कमी होत नाही. वॉर्डबॉयने माझ्याबरोबर सेल्फी काढला, शेजारच्या खाटेवरच्या हर्नियावाल्याने बायकोला माझा पास समजावून सांगितला. (सलाइनच्या नळीने दिशा दाखवली, नर्सबाई ओरडल्या.) जितेश शाल घेऊन आला. एकशे तेरावी. खाटेवरच सत्कार केला, फोटो असा काढला की पायाकडची बाजू येऊ नये. नाक्यावर फ्लेक्स लागलाय, 'लवकर बरे व्हा', त्यात मी लाथ मारतोय. ठशाभोवती आता चार विटा लावल्यात. लोक हळदकुंकू वाहतात, कोणी नवी गाडी घेतली की त्यासमोर लिंबू चिरडतात, परगावच्या एका म्हातारीने हे कुठल्या महाराजांचं पाऊल असं विचारलं तर तिला कोणी नाही म्हटलं नाही. पाऊस पडला की त्यात पाणी साचतं, ते कुत्री पितात. विनिता सांगते ठसा फार सुरेख उठलाय, पाचही बोटं स्वच्छ दिसतात.

सॅन्टन, आता जे लिहायचं आहे त्यासाठी एवढी पानं भरली. तुला चिंचोटी फाट्यावर टेम्पोने उडवलं त्या दिवशी मी मनवेलपाड्याला एका सोसायटीत बक्षिसं वाटत होतो. कॅरमची. तुझा निरोप मला तिथेच आला, आणि मी म्हटलं, उपविजेत्याचं एवढं देऊन निघतो. मग जेवणाचा आग्रह झाला. दुसऱ्या दिवशी येणार होतो, तर कळलं तुझा पाय काढला. मग काय तोंडाने येऊ असं झालं. महिन्याने लाज वाटायला लागली, वर्षाने त्या लाजेची लाज वाटायला लागली, आणि पुढे लाज वाटायचीही सवय झाली. एकदा चिकू घेऊन तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो. तू ओटीवर नवा पाय बांधून चालायला शिकत होतास. तू पडलास. अकरा वर्षांत मी तुला मैदानात पडताना पाहिलं नव्हतं. मी तसाच मागे फिरलो आणि बसस्टॉपवर बसून सगळे चिकू एकट्याने खाल्ले. लोक ज्याला मोठं काळीज म्हणतात तसलं माझ्यात काही नाही, मी भित्रा माणूस आहे. तुला ते तेव्हाच कळलं असणार, म्हणून तू फोन उचलत नाहीस, आणि त्यात तुझं काही चुकत नाही.

तर विचारायचं एवढंच की सही करू की नको? ज्याला विचारावं तो म्हणतो, देवाभाऊ, धीर धरा. जितेश म्हणतो दुसऱ्या मोठ्या डॉक्टरला दाखवू. गुरुजी म्हणतात हा पंधरवडा बरा नाही, संपू दे. डॉक्टरबाई म्हणतात उजवाच तर आहे, तुम्ही तर डाव्याचे! त्यांना कोणीतरी पास सांगितलेला दिसतो. डाव्याने लाथ मारायची तर सगळं अंग उजव्यावर तोलून धरावं लागतं, हे तुझ्यामाझ्याशिवाय इथे कोणाला कळणार? तू सांगशील तसं करीन. हो म्हणालास तर सही, नाही म्हणालास तर फॉर्म फाडून टाकीन. उत्तर जरा लवकर दे. वसईतून वसईत पत्र जायला चार दिवस लागतात, आणि बुधवार परवावर आलाय. (हा हिशेब तुझ्या लक्षात आला असेलच.)

सालोमीवहिनींना नमस्कार सांग. क्लेटनला आशीर्वाद, त्याला म्हणावं जहाजावर पायात जाड बूट घालत जा.

अजून 'तुझा' म्हणायची मुभा असेल तर तुझा,
देवेंद्र

ता. क. : अल्पेश येऊन गेला. त्या दिवशीच्या सगळ्या मंडळींपैकी खाटेशी येऊन रडला तो हा एकटाच. हातात केळी होती. (आमच्याच वाडीतली असावीत, पण त्याला सांगितलं नाही.) म्हणाला, "दादा, तुमचा पाय ओढला तवा ठसा पार मोडला. साहेब जेवत व्हते तवर मी तो बुजवून दुसरा माल घातला, नि माजाच पाय दाबला. पायाला प्लास्टिकची पन्नी लावून. कोनाला सांगू नका." म्हणजे लोक ज्याच्या पाया पडतात, ज्याच्यासमोर लिंबू चिरडतात, ते अल्पेशचं पाऊल आहे. मी त्याला म्हटलं, राहू दे, तुझा पाय चांगला आहे. माझ्या पायाचा ठसा आता जगात कुठेच नाही. तू कधी मैदानावरून गेलास तर उगाच हात जोडू नकोस.

दुसरा ता. क. : वर सोमवार लिहिलंय ते खरं नाही. आज शुक्रवार आहे. सही मी सोमवारीच केली, कोणालाही न विचारता, विनितासमोर, आणि अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं. बुधवारी पाय काढला. तुझ्या हो-नाहीने आता काही फरक पडत नाही. आज कागद मागून घेतले आणि लिहायला बसलो तर 'पाय होता' असं लिहवेना, म्हणून सोमवार टाकला. लिहीत होतो तेवढी पानं माझा पाय होता. तुला फसवायचं नव्हतं. तुझा डावा गेलाय आणि माझा उजवा, तेव्हा एका जोडी बुटांत आता दोघांचं भागेल, असा एक विनोद मी भूल उतरल्यावर केला होता. विनिता हसली नाही. (खोट्या पायालाही बूट लागतो, असं तिने सांगितलं. विनोद मागे घेतो.)

तिसरा ता. क. : सगळं पत्र ज्याच्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. लिफ्ट बंद आहे आणि मी दुसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे ये म्हणायला तोंड नाही. ब्लॉक काढून एक फोन केलास तरी पुरे. सॅन्टन, माझा उजवा अंगठा खाजतोय. जो इतकी वर्षं टाचणी टोचली तरी बोलत नव्हता आणि आता जागेवरच नाही, तो कालपासून इतका खाजतोय की मी झोपेत हात नेतो आणि हाताला चादर लागते. डॉक्टर म्हणतात असं होतं, जाईल हळूहळू, पण त्यांना दोन्ही पाय आहेत. तुझाही असा खाजायचा का? किती दिवस? आणि कुठे खाजवायचं असतं? विनिताला विचारलं तर ती बाहेर जाऊन डोळे पुसून येते. माझं निदान एवढं तरी आहे की विचारायला तू आहेस. तेव्हा तू कोणाला विचारलं होतंस?